कोमात हाय, तुमी निघा

गावाकडून फोन आला आणि पलीकडचा माणूस 'कोमात हाय' म्हणाला, की आमच्या दुकानातली भट्टी विझायची. असा नियम कुणी केला नव्हता. पण ज्याच्या घरचा फोन असेल त्याला आम्ही स्टेशनवर पोचवायचो, परत येऊन डोक्यावरून पाणी घ्यायचो आणि त्या दिवशी सोन्याला हात लावायचो नाही. गेलेला माणूस गाडीत बसून बापाच्या तब्येतीचा विचार करत असायचा, आणि इकडे आम्ही त्याच्या बापाच्या सुतकाची अंघोळ करून मोकळे.

मी गलाईवाला. जुनं सोनं-चांदी वितळवायची, तेजाबात घालून शुद्ध करायची आणि सराफाला परत द्यायची, हे आमचं काम. कवठे महांकाळच्या पूर्वेला आमचं गाव. आजोबांपर्यंत घरात मेंढरंच होती. बापाच्या पिढीत कुणीतरी विट्याकडच्या माणसाबरोबर उत्तरेला गेला, त्याच्या मागून दुसरा, त्याच्या मागून आमचा सगळा भाऊबंद. आज त्या मुलखातल्या कुठल्याही बऱ्या बाजारपेठेत उतरा, सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात आमच्याकडची बोली बोलणारा एक तरी माणूस भट्टीपाशी बसलेला सापडेल. मी यूपीतल्या एका तालुक्याच्या गावी दुकान टाकलं. तिथून घर रेल्वेनं दीड दिवसाच्या वाटेवर.

त्या दीड दिवसासाठीच हा शब्द आमच्यात आला असावा. 'गेला' हे फोनवर सांगायचं नाही. एवढी वाट माणसानं एकट्यानं, परक्या मुलखातून, ते घेऊन कशी कापायची? आधी 'सिरियस' हा शब्द होता. पण सिरियस म्हटलं की माणूस विचारायचा, बोलतो का, काय खाल्लं, जरा फोन द्या. सांगणारा अडकायचा. कोमा आल्यावर ती अडचण गेली. कोमातला माणूस बोलत नाही, खात नाही, फोनवर येत नाही. सगळं एकदम ठरून गेलं. "कोमात हाय. बोलत न्हाई. आत मोबाईल नेऊ देत न्हाईत. तुमी निघा." हे सगळं याच क्रमानं यायचं. पुढं पुढं तर ऐकणाऱ्यालाही कळायचं, पण तोही कळलं नाही असं दाखवून गाडीत बसायचा.

आमच्या दुकानातला एक कारागीर मात्र खरंच भोळा. नात्यानं लांबचा भाऊ, वयानं थोरला, मी त्याला आण्णा म्हणायचो. त्याचा बाप गेला तेव्हा फोन मी घेतला होता, त्यामुळे सांगायचं माझ्याकडेच आलं.

"आण्णा, बापू कोमात हायत."

"व्हय? म्हंजे झोपल्यागत?"

"तसंच."

"मग जागं व्हईल की. म्हातारा लय चिवट हाय." एवढं बोलून तो बाजारात निघाला. जाड ब्लँकेट घ्यायचं म्हणाला, दवाखान्यात एसी असतोय, म्हाताऱ्याला गारठा सोसत नाही. मी बरोबर गेलो. त्यानं चार दुकानं पालथी घातली, ब्लँकेट गालाला लावून बघितली. हा रंग बापूला आवडंल का, असं मला विचारलं, आणि मी म्हणालो, आवडंल.

तेरावं उरकून तो परत आला. चार-पाच दिवस माझ्याशी धड बोलला नाही. मग एका दुपारी सोनं वितळवायची मूस भट्टीत ठेवता ठेवता म्हणाला, "तुला शिव्या द्यायच्या असं ठरवून आलोतो गड्या. पर गाडीत मी लय खुशीत हुतो. बापू जागा झाला की काय काय बोलायचं त्येच्या याद्या करत हुतो. माझं आन् बापूचं कवा पटलं न्हाई, तुला ठाव हाय. त्या गाडीत पटलं. तेवढं तरी दिलंस."

त्यानंतर आमच्या गल्लीतल्या चारही दुकानांतलं हे काम माझ्याकडे आलं. कुणाचंही काही झालं की म्हणायचे, ह्येला सांगाय लावा, ह्येला जमतंय. मला जमायचं. कुणी शंका घेतलीच तर मी गळ्याला चिमटा घेऊन आईशपथ म्हणायचो. आई तेव्हा गावी शेळ्यांच्या मागं हिंडत असायची.

आईकडे हा शब्द नव्हता. तिच्याकडे 'सुद' होती. लहानपणी शेळ्यांना शेंगा पाडायला मी बाभळीवर चढलो आणि तिथून डोक्यावर पडलो. मला त्यातलं काही आठवत नाही, आठवतं ते तिनं पुढं सगळ्यांना सांगितलेलं. "सुद लांब गेली हुती ह्येची. हाका मारून मारून माझा घसा बसला. दिस कलताना आली बया." माणूस बेशुद्ध झाला, असं ती कधी म्हणायची नाही. सुद गेली, सुद आली, सुद अजून वाटंत हाय. चरायला गेलेल्या शेळीबद्दल बोलावं तसं. कुणी बराच वेळ जागं झालं नाही तर ती म्हणायची, लांब गेली असंल, हाक मारत ऱ्हावा, हाकंच्या टप्प्यात आली की वळंल. नंतर दवाखान्यात डॉक्टरांनी मला कोम्याचा अर्थ नीट समजावून सांगितला. डोळे उघडत नाहीत, बोलण्याला प्रतिसाद नाही, चिमटा काढला तर हात कितपत हलतो त्यावरून कोमा किती खोल ते ठरतं. मी मान हलवत होतो. आईचंच म्हणणं ते दुसऱ्या भाषेत सांगत होते, फक्त हाक मारायचं त्यात नव्हतं. पण ते नंतर.

फोन आला तेव्हा सकाळ होती. धाकट्या भावाचा. तो गावीच असतो, शेती बघतो.

"दादा, आई पडली न्हाणीत. कोमात हाय."

 माझ्या तोंडातून सवयीनं प्रश्न आले. "कवा?"

"काल सांजच्याला. मिरजंला आणलीया. तू निघ लगीच."

"बोलती का?"

"न्हाई."

"जरा कानाला लाव की फोन."

"आत मोबाईल नेऊ देत न्हाईत, दादा."

"खरं सांग मला."

"खरंच कोमात हाय. आईशपथ."

सगळी वाक्यं ओळीनं आली. एकही इकडंतिकडं नाही. शेवटी शपथसुद्धा. मी स्वतः इतक्या वेळा हे बोललो होतो, की त्याच्या आवाजातलं रडू, मधे घेतलेला श्वास, सगळं मला पाठ होतं. मी म्हणालो, "बरं. निघतो." आण्णानं माझ्याकडे बघितलं आणि भट्टी विझवली.

घरी जाऊन मी गार पाणी डोक्यावरून घेतलं. बायकोनं बघितलं. मी बाहेर आल्यावर तीही न्हाऊन आली. तात्काळमध्ये एकच जागा मिळाली, म्हणून तिनं आमच्या धाकट्या मुलाला घेऊन दुसऱ्या दिवशी यायचं ठरलं. भावाचं बोलणं खरं धरलं असतं तर मी टॅक्सी करून विमानतळ गाठला असता, संध्याकाळी पुण्यात आणि रात्री मिरजेत असतो. पण गेलेल्या माणसासाठी विमान कशाला? माती तर होऊन जाणार. उन्हाळ्याचे दिवस, दीड दिवस कोण ठेवतं?

गाडीत मी रडलो. आयुष्यात एवढा रडलो नसेन. समोरच्या बर्थवर एक म्हातारे सरदारजी होते, त्यांनी विचारलं, "क्या हुआ बेटा?" मी म्हणालो, "माँ नहीं रही." ते वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं, आणि मला जरा बरं वाटलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला, चहा पाजला, आपल्या आईचं सांगितलं. आम्ही दोघं पोरके बराच वेळ बोलत बसलो. एक गोष्ट मला खटकायला हवी होती. गावाकडच्या एकाचाही फोन आला नाही. एवढी माणसं, एकही सांत्वनाचा फोन नाही. पण ती मला खूणच वाटली. मला कळू नये म्हणून सगळे गप्प आहेत, मीही हेच सांगितलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी साताऱ्याला थांबली. तिथून मिरज अडीच-तीन तास. गाडी सरळ मिरजेलाच जाणार होती, तिकीटही मिरजेचं होतं. बसून राहिलो असतो तर दुपारच्या आत दवाखान्याच्या दारात उतरलो असतो. मी साताऱ्यालाच उतरलो, कारण मुलगी पाचगणीला होती.

गलाईत चार पैसे दिसले की आमच्यातले लोक मुलांना पाचगणीच्या बोर्डिंगात घालतात. आम्हीही घातलं होतं. ती आजीची लाडकी. आजी गेली आणि ती रक्षेलाही नव्हती, असं व्हायला नको, असं मला वाटलं. गेलेल्या माणसाची घाई नसते, जिवंत माणसाचं मन जपावं. हा विचार मला त्या वेळी फार शहाणा वाटला होता. स्टेशनबाहेर गाडी ठरवली आणि वाईवरून घाट चढून वर गेलो.

शाळेत सोडायला परवानगी लागते. मी अर्ज लिहून दिला आणि सिल्व्हर ओकच्या झाडाखाली बाकावर बसलो. खाली मैदानात मुलं खेळत होती. फोन वाजला. भावाचा.

आता हे सांगतो, कारण हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. फोन माझ्या हातात होता. रेंजच्या सगळ्या दांड्या उभ्या होत्या. नाव दिसत होतं. मी तो उचलला नाही. मला वाटलं, आता हा सांगणार. 'दादा, आटपलं सगळं, तुझी वाट नाही बघता आली.' ते ऐकायला मी तयार नव्हतो. कळलेलंच होतं, तरी तयार नव्हतो. मी आवाज बंद केला. तो पुन्हा आला. फोन उलटा करून मांडीवर ठेवला. तो तिथं थरथरत राहिला, थांबला, पुन्हा थरथरला. मैदानात कुणीतरी गोल केला, मुलं ओरडली. मी मांडीवर हात दाबून बसलो, एखादं पाखरू धरून ठेवावं तसा. नंतर तो थांबला तो थांबलाच.

मुलगी बॅग घेऊन धावत आली. "पप्पा, काय झालं?"

"आजी कोमात आहे."

"म्हणजे जिवंत आहे ना?"

"हो."

तिनं मोठा श्वास सोडला. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आमच्या सायन्सच्या मॅम म्हणाल्या होत्या, कोमातल्या माणसाला कधीकधी ऐकू येतं. काकांना फोन लाव ना. आजीच्या कानाला धरू दे, मी बोलते."

"आत मोबाईल नेऊ देत नाहीत."

"बरं, मग गेल्यावर बोलते." आणि ती बोलायचं ठरवायला लागली. केस वाढवलेत ते सांगणार. आजी कायम पोरासारखं काय कापतीस म्हणून ओरडायची, आता हात लावून बघ म्हणणार. गॅदरिंगमध्ये धनगराची बायको झाले होते, कासोटा तू शिकवलास तसाच नेसले, ते सांगणार. घाट उतरलो, वाई गेली, हायवेला लागलो, कऱ्हाड गेलं, तिचं संपेना. मला आण्णा आठवला. मी खिडकीबाहेर बघत होतो.

संध्याकाळी आमची गाडी मिरजेतून गेली. दवाखान्याच्या रस्त्यावरून नव्हे, पण मिरजेतूनच. मी ड्रायव्हरला म्हणालो, सरळ घ्या, कवठे महांकाळच्या पुढं जायचंय. मुलीनं विचारलं, "दवाखाना इथंच ना?" मी म्हणालो, आधी घरी जाऊ.

घराला कुलूप होतं. अंगणात मांडव नाही, माणसं नाहीत, शेजारच्या आक्का आमच्या शेळ्यांना पाणी दाखवत होत्या. मी गाडीतून उतरलो आणि विचारलं, "आक्का, माती मिरजंलाच केली व्हय?"

"कुणाची माती?"

"आईची."

बादली त्यांच्या हातातून सुटली. "आरं मुडद्या! जीभ झडंल तुझी! तुझी आय मिरजंत हाय दवाखान्यात. दुपारी डोळं उघडलं म्हनं तिनं, बोलली म्हनं. समदी तिकडंच हायती. आन् तू हितं येऊन कुणाची माती करतूयास?"

मी तिथंच अंगणात खाली बसलो. मुलगी ओरडलीच, "आजी जागी झाली!" आणि वळून माझ्याकडे बघत राहिली. "पप्पा, तू माती का म्हणालास? तू मला खोटं सांगत होतास?"

"नाही," मी म्हणालो. "खरंच सांगत होतो."

परत मिरजेला जाताना मला जो आनंद झाला तसा परत झाला नाही. मेलेली आई बोलली होती. दोन-अडीच दिवसांत मला आई परत मिळाली होती, सुतकाची अंघोळ करूनही. ड्रायव्हरला मी सारखं म्हणत होतो, दमानं घ्या, काही घाई नाही. खरं तर घाई होती.

दवाखान्याच्या जिन्यावर भाऊ भेटला. त्याचा चेहरा बघून मुलगी मागं सरकली.

"दादा, कुठं हुतास? किती फोन केलं!"

"घाटात रेंज नव्हती."

मुलगी शेजारी उभी होती. शाळेत रेंज असते हे तिला चांगलं माहीत होतं.  गप्प राहायची आमच्या घराण्याची सवय तिच्यात त्या जिन्यावर आली असावी.

भाऊ सांगत होता. दुपारी आईनं अचानक डोळे उघडले. नर्सला पाणी मागितलं. नर्स धावत बाहेर आली, म्हणाली, पेशंट बोलतीय, लवकर या. ह्यानं विचारलं, भावाशी बोलू द्या, तो लांबून येतोय. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, लवकर करा. तर ह्यानं माझा नंबर लावला, स्पीकर चालू करून फोन तिच्या कानाशी धरला. मी उचलला नाही. आणि ती रेकॉर्ड केलेली बाई बोलायला लागली, हिंदीत, आप जिस व्यक्ति से संपर्क करना चाहते हैं. आईला वाटलं, सून. इतकी वर्षं तिकडं राहून हिंदीच बोलत असणार.

"कोण गं? सूनबाई व्हय?" आई म्हणाली.

वह अभी उत्तर नहीं दे रहे हैं.

"बरी हाय मी. पोरं जेवली का? त्येला म्हनावं, भट्टीम्होरं लय बसू नगंस, डोळं जात्याल."

कृपया थोड़ी देर बाद प्रयास करें.

"व्हय, व्हय, कळलं. ठेव आता फोन, पैसं पडत्यात."

भावानं पुन्हा पुन्हा लावला. दर वेळी तीच बाई आली आणि दर वेळी आई तिच्याशी बोलली, जरा जरा कमी. मग थकले म्हणाली आणि डोळे मिटले. डॉक्टर आले, सगळ्यांना बाहेर काढलं, आत पळापळ झाली. पुन्हा कोमात. सगळ्या घाईत भावाला रेकॉर्डिंग करायचं सुचलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी तिच्याजवळ होतो. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतं की नाही सांगता येणार नाही, पण बोलत राहा. मुलगी बोलली. केसांचं बोलली, कासोट्याचं बोलली, आजीचा हात उचलून स्वतःच्या वेणीवरून फिरवला. मी खुर्चीत बसून राहायचो. हाक मारायला तोंड उघडायचो. पण माझं सगळं गाडीत बोलून, रडून झालं होतं, त्या सरदारजींपाशी. आई जिवंत असताना मी ते खर्चून बसलो होतो. ती खरंच गेली तेव्हा डोळ्यांत टिपूस आलं नाही. लोक म्हणाले, थोरला लय खंबीर हाय.

भावानं तिथूनच आमच्या मामाला फोन लावला. मामा गुजरातेत असतो, त्याचंही गलाईचंच दुकान. भावानं माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. तो म्हणाला, "मामा, आई कोमात हाय. तुमी निघा."  मग मामा म्हणाला, "निघतो बाबा."

त्याला बरीच वर्षं झाली. भाऊ ती फोनची गोष्ट सांगायला लागला. आधी रडत सांगायचा, मग हळूहळू त्यात मजा यायला लागली. लग्नात, बारशाला, वर्षश्राद्धाला, चार माणसं जमली की कुणीतरी म्हणायचं, आईची फोनची गोष्ट सांग. तो त्या हिंदी बाईचा आवाज काढायचा, मग आईचा. 'पैसं पडत्यात'ला सगळे हसायचे. मीही हसायचो. शेवटी तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "घाटात रेंज नव्हती, न्हाईतर दादाशीच बोलली असती." तो मला सांभाळून घ्यायचा. मला ती गोष्ट ऐकायची ओढ असायची, इतकी की कुणी विषय काढला नाही तर मी आडून आडून काढायचो. आणि शेवटचं वाक्य जवळ आलं की मी पाणी प्यायला उठायचो.

मुलीला कऱ्हाडला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा आम्ही दोघं भाऊ तिला हॉस्टेलवर सोडायला गेलो. तिचं सामान लावून, परत निघण्याआधी चहाला थांबलो. हॉस्टेलवरच भावानं आईची फोनची गोष्ट तिच्या मैत्रिणीच्या आईवडिलांना सांगितली होती, त्याच खांद्यावरच्या हातासकट. मी म्हणालो, "रेंज हुती."

"कवाचं म्हनतूस?"

"पाचगणीत. फोन हातात हुता. मी उचलला न्हाई."

त्यानं कप खाली ठेवला. "का?"

"मला वाटलं, तू सांगणार, गेली म्हणून. पहिल्या फोनालाच मी तसं धरलंतं."

"मी आईशपथ सांगितलंतं तुला."

"मीबी लोकांना तसंच सांगतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "तिला वाटलं, तू कामात हाईस. म्हणून म्हणाली, भट्टीम्होरं बसू नगंस." मग उठला. "चल, उशीर हुतोय." 

त्यानंतर त्यानं ती गोष्ट सांगणं बंद केलं. कुणी विचारलं तर "ऱ्हाऊ द्या आता, जुनं झालं" म्हणायचा. माझ्याशी वागायला तसाच होता, पेरणीचं बोलायचा, ट्रॅक्टरचं बोलायचा. पण गोष्ट बंद. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं की नाही, ते मला आजही कळलेलं नाही. कळलं ते एवढंच, की आई जागी होती त्या थोड्या वेळाचा मालक एकटा तो होता, आणि मी त्याचं दार माझ्याच हातानं लावून घेतलं होतं. दुसरी साक्षीदार ती नर्स, ती कुठल्या कुठं गेली असेल. दुपारी भट्टीपाशी बसलेलो असताना मी मनातल्या मनात ती गोष्ट म्हणायचो. पण दुसऱ्याकडून ऐकण्यात जे असतं ते त्यात नसायचं. तिचा आवाज मला काढता यायचा नाही. माझ्या तोंडून ती माझंच बोलायची.

आता मी बहुतेक गावीच असतो, दुकान आण्णा बघतो. यंदा पितृपक्षात आईच्या म्हाळाला घर भरलं होतं. जेवणं झाली, पानसुपारी चालली होती. भावाचा पोरगा त्याच्या नव्या बायकोला म्हणाला, "तू आजीची फोनची गोष्ट ऐकली न्हाईस अजून. पप्पा, सांगा की."

भाऊ दाराशी बसून सुपारी कातरत होता. वर न बघता म्हणाला, "दादाला सांगाय लाव."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या मुलीनंही बघितलं, ती सुट्टीला आली होती. मी म्हणालो, मी नव्हतो तिथं. भाऊ सुपारी कातरत राहिला. मग नवी सून म्हणाली, "सांगा ना, थोरले मामंजी." मी सुरू केलं. दुपारी आईनं डोळे उघडले, नर्सला पाणी मागितलं, फोन लावला, ती बाई हिंदीत बोलायला लागली. "मग आई म्हणाली, कोण गं—"

"आदी हसली ती," भाऊ म्हणाला.

"काय?"

"बया बोलाय लागली तवा आदी हसली. मग म्हणाली, कोण गं."

हे त्यानं कधीच सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत, इतक्या लोकांत, एकदाही. "हसली?" मी विचारलं.

"व्हय. तोंड एका अंगानं वाकडं झालंतं, पर हसली." त्यानं अडकित्ता खाली ठेवला. "फुडं सांग."

मी पुढं सांगायला लागलो. तो मला वाक्यावाक्याला अडवायला लागला. तसं न्हाई, आदी पोरांचं विचारलं. तसं न्हाई, हात असा वर केला तिनं. तसं न्हाई, दुसऱ्या खेपंला म्हणाली ते. तो सरकत सरकत दारापासून माझ्या शेजारी येऊन बसला. मला ती गोष्ट शब्दन् शब्द पाठ होती. तरी पुढं दोन-तीन ठिकाणी मी मुद्दाम चुकलो.